गावी गेलेली मुलं

करवंदवाल्या बायका टेकडीवरच्या पाड्यांतून उतरून हायवेच्या सिग्नलपाशी बसायला लागल्या की मी अजूनही मनातल्या मनात मुलं मोजायला लागते. पानांचे द्रोण, त्यांत काळीभोर करवंदं, वर ओला फडका. शेजारी ताडगोळेवाला, त्याच्या सुरीचा आवाज. लोकांना या दिवसांत सुट्टी आठवते, आंबे आठवतात, गावची गाडी आठवते. मला पट आठवतो. पट म्हणजे शाळेत नाव घातलेली मुलं किती, तो आकडा. आम्हा बालवाडीच्या बायकांचं सगळं वर्ष त्या आकड्याला टांगलेलं असतं.

काल एक द्रोण घेतला. रिक्षा मिळेपर्यंत उभ्या उभ्याच दोन-चार तोंडात टाकली. चीक ओठांना चिकटला आणि ते एक वर्ष पुन्हा समोर येऊन उभं राहिलं.

तेव्हा मी हायवेच्या टेकडीकडच्या बाजूला होते. कांदिवली पूर्वेला, टेकडीच्या पायथ्याशी जी वस्ती आहे, तिच्या मधोमध एक जुनी सरकारी मराठी शाळा. तिच्या तळमजल्यावर कोपऱ्यातली खोली म्हणजे आमची बालवाडी. तीन वर्षांपासून सहा वर्षांपर्यंतची मुलं. एक मी, एक मदतनीस मंदाताई. खोलीला दोन खिडक्या. एकीतून गटार दिसायचं आणि दुसरीतून गुलमोहर. मी सतरंजी नेहमी गुलमोहराकडे तोंड करून अंथरायची.

या शहरात येण्याआधी मी एका तालुक्याच्या गावात वाढले. वडील नगरपालिकेचं पाणी सोडायचे. खांद्यावर लोखंडी चावी टाकून पहाटे निघायचे आणि गल्लीगल्लीत कॉक फिरवत जायचे. आईला वाचता येत नव्हतं. मला शाळेत घालायचं कुणाच्या डोक्यातही नव्हतं, धाकट्या भावाला कुणी सांभाळायचं हा प्रश्न होता. एक दिवस समाजमंदिरात बालवाडी चालवणाऱ्या बाई आमच्या दारात आल्या. आईला म्हणाल्या, "दोघांनाही पाठवा. तो पेंगला तर मी निजवीन." भाऊ खरंच सतरंजीच्या कोपऱ्यात झोपायचा आणि मी गाणी म्हणायची. पुढे आमच्या घरातली पहिली पदवी माझ्या हातात पडली, तेव्हा वडिलांनी ती नळाच्या पाण्याने हात धुऊन, पुसून मगच हातात घेतली. माझ्या आयुष्यात जे काही झालं ते एक बाई दारात आल्यामुळे झालं, असं मी मानते. म्हणून दारोदार जाऊन मुलं शोधायचं काम मला कधी कमीपणाचं वाटलं नाही. मला त्या कामावर विश्वास होता.

मे महिन्यात आम्ही तिघी निघायचो. मी, मंदाताई आणि पहिलीची वैशाली. वैशालीचे आईवडील अकोल्याकडून आलेले, पण ती याच वस्तीत जन्मलेली, याच शाळेत शिकलेली आणि आता तिथेच शिकवणारी. तिला प्रत्येक गल्लीतलं प्रत्येक दार माहीत. तिघींत एक छत्री, तीही उन्हासाठी. घामाने पदर पाठीला चिकटलेला. पत्र्याच्या घरांतून बाहेर येणारी वाफ, डाळीची फोडणी, इमिटेशनच्या दागिन्यांना लावायच्या गोंदाचा उग्र वास. त्या भागात घरोघरी हे काम चालतं. बायका उंबऱ्यात बसून खोटे मोती ओवतात, खडे चिकटवतात. त्यांच्या पोरांच्या बोटांच्या टोकांवर गोंदाचे पापुद्रे असतात. बालवाडीत आल्यावर पहिली पंधरा मिनिटं ती पोरं पापुद्रे सोलत बसायची.

वस्ती बदलत होती, ते आम्हाला कुणी सांगायची गरज नव्हती. वैशाली लहान असताना तिच्या वर्गात सावंत, तांबे, वानखेडे, इंगळे अशी नावं होती. मग टेकडीकडची अर्धी वस्ती पाडून तिथे टॉवर आले. काही घरं तिकडे मानखुर्दला दिलेल्या इमारतींत गेली, काही वसई-विरारला. उरलेल्या मराठी घरांनी मुलं टॉवरच्या तळमजल्यावरच्या इंग्रजी नर्सरीत घातली, जिच्या भिंतीवर जिराफ आणि फुगे रंगवलेले आहेत. आणि रिकाम्या झालेल्या खोल्यांत जौनपूर, आझमगढ, गुलबर्गा, नेपाळ इथून आलेली माणसं राहायला आली. आमच्या मराठी बालवाडीत शेवटी अशी मुलं उरली, ज्यांच्यापैकी बहुतेकांच्या घरी मराठी बोललंच जात नव्हतं. मला त्याचं कधी वाईट वाटलं नाही. ती दोन-तीन महिन्यांत माझ्यासारखीच बोलायला लागत. माझ्यासारखीच म्हणजे थोडी गावाकडची. कुणी पाणी सांडलं की 'आत्ता गं बया' म्हणणारी नेपाळी मुलगी मी पाहिली आहे.

त्यांतली एक आराध्या. जौनपूरची. वडील घरांच्या छताचं पीओपीचं काम करायचे, आई रेखा मोती ओवायची. आराध्या पहिले कितीतरी दिवस एक शब्द बोलली नाही. मंदाताई म्हणायची, "गो टीचर, ह्या पोराक जीभ आसा ना?" मग एक दिवस खिडकीत कावळा बसला, तेव्हा ती उठून उभी राहिली आणि मोठ्याने म्हणाली, "ए, जा की रे!" त्यानंतर तिचं तोंड बंद झालं नाही. रेखा मला एकदा हसत हसत सांगत होती, "टीचर, ये नींद में भी मराठी बोलती है. हम दोनों को समझता नहीं, पड़ोसवाली भाभी को उठाके पूछना पड़ता है." त्या दिवशी मी घरी जाताना उगाचच दोन स्टॉप चालत गेले होते.

त्या वर्षी नवा नियम आला. पट ठरलेल्या आकड्याच्या खाली गेला तर बालवाडी हायवेच्या पलीकडच्या शाळेतल्या बालवाडीत मिळवायची. कागदावर अंतर थोडंच होतं. पण मधून हायवे जातो. भुयारी मार्गात पाणी साचतं, वरच्या पुलाच्या पायऱ्या मोठ्या माणसाला दमवतात. चार वर्षांचं मूल रोज तिकडे कोण नेणार? उंबऱ्यात मोती ओवणाऱ्या बाईला दिवसातून दोन फेऱ्या परवडत नाहीत. बालवाडी पलीकडे गेली म्हणजे या मुलांची बालवाडी संपली, हे आम्हा तिघींना स्वच्छ दिसत होतं.

त्यात आणखी एक गुंता होता. वैशालीच्या पहिलीलाही तोच नियम. तिचा वर्ग भरला नाही तर ती अतिरिक्त शिक्षिका ठरून दुसरीकडे पाठवली जाणार आणि पहिली गेली की वर्षावर्षाने वरचे वर्ग रिकामे होत शाळाच जाणार. तिच्या पहिलीत मुलं कुठून येणार? माझ्या बालवाडीतून. डिसेंबरअखेर सहा पूर्ण होणारं मूल पहिलीत बसू शकतं आणि आणखी एक वर्ष बालवाडीतही राहू शकतं. अशी मधली सात-आठ मुलं होती. ती तिच्याकडे गेली तर मी रिकामी, माझ्याकडे राहिली तर ती.

एका गल्लीच्या तोंडाशी असंच एक मूल भेटलं, आयुष नावाचं. वैशाली पायरीवर बसली आणि त्याला म्हणाली, "डोक्यावरून हात घालून पलीकडचा कान पकड बघू." आमच्या गावी शाळेत घालताना हीच परीक्षा होती. बोटं कानाला पोचली की मूल शाळेत जाण्याएवढं झालं. आता जन्मदाखला असतो, आधार असतं, कान फक्त गमतीला. पण आयुषने ते फार मनावर घेतलं. गल्लीतली सगळी पोरं भोवती जमली.

"ए, मान वाकडी नाय करायची!"

"नाय केली!"

"केली! टीचर, ह्याने चीटिंग केली!"

मंदाताई ओरडली, "अरे, हळू! हात उपटून येतलो त्याचो!"

आयुषची बोटं कानाच्या टोकाला लागली. पोरांनी टाळ्या पिटल्या. वैशालीही हसली, मग तिने माझ्याकडे पाहिलं आणि तिचं हसू गेलं.

"दात बघ ना त्याचे," ती म्हणाली. "एकपण पडलेला नाय. घे, तुलाच ठेव."

"तुझ्या पटावर किती झाली?"

"सोड ना यार. तुझी किती झाली?"

आम्ही दोघी एकाच पायरीवर बसलो होतो. आयुष अजून कान धरून उभा होता, कुणीतरी शाबास म्हणेल म्हणून. वैशालीच हळूच म्हणाली, "वाट लागली आपली. मधे कापायचा काय ह्याला?"

मंदाताई म्हणाली, "पोरां काय झाडार लागतत? होती ती टॉवरवाल्यांनी नेली." मग तिने आयुषला करवंदं दिली.

शेवटी मीच सांगितलं की मधली मुलं वैशालीने घ्यावीत. माझा हिशोब साधा होता. माझ्याकडे गावी गेलेली मुलं होती. मे महिन्यात लग्नं असतात, आंबे असतात, म्हातारे सासू-सासरे वाट बघत असतात. उत्तरेकडची मुलं शाळा सुटली की जातात आणि जुलै उजाडल्यावर येतात, कारण परतीचं तिकीट मिळत नाही. दरवर्षी असंच व्हायचं. पटाची पडताळणी गणपतीच्या आगेमागे व्हायची, तोवर सगळी परत येऊन, अंगावरचं घामोळं बरं होऊन, गाणी म्हणायला लागलेली असायची. गावी गेलेलं मूल हे आमचंच मूल, असं आम्ही धरून चालायचो. आमच्याकडे कामाची पद्धतच ती होती. वैशालीने दोनदा विचारलं, "नक्की ना?" मी म्हटलं, "नक्की. ती कुठं जातात?"

एक दार मात्र मला त्या महिन्यातलं विसरता येत नाही. वस्तीत उरलेल्या मोजक्या मराठी घरांपैकी एक. आतली बाई माझ्याच वयाची, कोकणातली, टॉवरमध्ये घरकाम करणारी. तिचा मुलगा चार वर्षांचा. तिने आम्हाला पाणी दिलं, पंखा आमच्याकडे फिरवला. मी माझं सगळं बोलून घेतलं. गाणी, खिचडी, खेळ, आणि हेही की मी स्वतः अशाच शाळेत शिकले आणि पदवीधर झाले. ती शांतपणे ऐकत होती.

"बाई, तुमची शाळा चांगलीच आहे हो," ती म्हणाली. "मी तिथेच शिकले ना. सातवीपर्यंत. ह्या वैशालीच्याच वर्गात होते, विचारा तिला. आणि आज चार घरची भांडी घासते. त्याच टॉवरमधली पोरं नर्सरीत जाताना मी रोज बघते. मग मी काय करू, तुम्हीच सांगा."

वैशालीने मान खाली घातली. माझ्याकडे माझी गोष्ट होती आणि तिच्याकडे तिची. दोन्ही खऱ्या होत्या. मी पाण्याचा ग्लास खाली ठेवला आणि "येते" म्हटलं. ती दारापर्यंत आली आणि म्हणाली, "राग मानू नका हां." आजही मला तिचा राग येत नाही.

जूनच्या मध्यावर शाळा उघडली. आम्ही दाराला आंब्याची पानं बांधली, मुलांच्या पावलांचे ठसे कागदावर घेतले. सतरंजीवर थोडीशीच मुलं होती. मला चिंता नव्हती. आणि त्याच आठवड्यात निरोप आला, की यंदा पडताळणी आत्ताच आहे, उद्या.

पडताळणीच्या मॅडम आल्या त्या दिवशी हवा कोंदलेली होती, पंखा फिरत होता पण वारा येत नव्हता. मॅडम थकलेल्या होत्या. त्यांची त्या दिवसातली ही कितवी शाळा होती कोण जाणे. त्यांनी चपला बाहेर काढल्या आणि आत येऊन मुलांशी गोड बोलल्या. मग बोटाने एकेक डोकं मोजत गेल्या. त्यांचं बोट लवकर थांबलं.

"बाकीची?"

"गावी गेलीत, मॅडम. येतील. दरवर्षी येतात."

"येतील ना. मी कुठं नाही म्हणते? पण मी आज आलेय."

तेवढ्यात मंदाताई दिसेनाशी झाली होती. ती परत आली ती शेजारणीचं मूल कडेवर घेऊन. पुरतं दोन वर्षांचंही नव्हतं. नाकातून शेंबूड, अंगात फक्त झबलं. तिने त्याला सतरंजीच्या टोकाला बसवलं आणि म्हणाली, "ह्येका पण धरा, बाई. नवीन आसा." त्या मुलाने मॅडमकडे पाहिलं, मग आजूबाजूच्या अनोळखी पोरांकडे पाहिलं आणि भोकाड पसरलं. मॅडमनीच त्याला उचललं, पदराने त्याचं नाक पुसलं आणि मंदाताईच्या हातात परत दिलं. मंदाताई त्याला थोपटत दाराबाहेर जाऊन उभी राहिली, आमच्याकडे पाठ करून.

मग मी जे केलं ते आठवलं की आजही हसू येतं. मी रेखाला फोन लावला. तिकडे जौनपूरला. व्हिडिओवर लावला, म्हणजे मॅडमना दिसेल. आधी नुसतं आभाळ दिसलं, मग एक झाड, मग रेखाचा अर्धा चेहरा.

"टीचर, नमस्ते! क्या करें, टिकट ही नहीं मिला. ननद की शादी थी ना. वेटिंग में है अभी."

"आराध्याला दे. पटकन दे."

आराध्या आली. केस विस्कटलेले, तोंडभर आंब्याचा रस. मला बघून तिला आधी लाजच वाटली. मी फोन मॅडमच्या समोर धरला आणि म्हटलं, "आराध्या, या मॅडमना सांग, तू कुठल्या शाळेत जातेस?"

ती म्हणाली, "टीचरच्या." मग तिने फोन आणखी जवळ घेतला, इतका की नुसतं नाक दिसत होतं, आणि स्वच्छ मराठीत सांगायला लागली, "इथे म्हैस आहे. ती मारत नाही. टीचर, तुम्ही पण या."

सतरंजीवरची पोरं धावत आली. "आराध्या! ए आराध्या! म्हैस दाखव!" म्हैस दाखवली गेली. तिकडे कुणीतरी म्हातारं माणूस भोजपुरीत काहीतरी म्हणालं आणि हसलं. मॅडमसुद्धा हसल्या. म्हणाल्या, "गोड आहे हो." मग फोनवरची रेंज गेली आणि चित्र थिजलं, तोंड उघडं असलेल्या आराध्याचं. मॅडमनी पेनाचं टोपण लावलं. त्या गोड मुलीला पटात धरायला त्यांच्या कागदावर जागा नव्हती.

जाताना त्या मला म्हणाल्या, "तुम्ही मनापासून करता, दिसतंय." मी त्यांना रिक्षापर्यंत सोडायला गेले. त्यांचा दोष नव्हता. रेखाचा तर नव्हताच. नणंदेचं लग्न टाकून, उभ्याने प्रवास करून ती केवळ एका डोक्याची भर घालायला का येईल? त्या दिवशी मी फार शोधलं, की कुणावर रागवावं. कुणी सापडलं नाही. कुणावर तरी रागवता आलं असतं तर बरं झालं असतं.

माझी बालवाडी गेली, वैशालीची पहिली वाचली. तिचा वर्ग जेमतेम भरला, आयुषसकट. ती दुपारी माझ्या खोलीत आली, दाराशीच उभी राहिली. "तुझी पोरं बसलीत गं माझ्याकडे," एवढंच म्हणाली आणि रडायला लागली. मीच तिला पाणी दिलं. अजून ती तिथेच आहे. मे महिन्यात अजून गल्लीगल्ली फिरते आणि मला फोन करून सांगते, यंदा कोण राहायला आलं, कोण सोडून गेलं. मंदाताईला दुसऱ्या शाळेत पाठवलं. आणि मी इथे, हायवेच्या पलीकडे. इथेही मुलं आहेत, गोड आहेत, त्यांच्या बोटांना गोंद नाही. माझी नोकरी टिकली. लोक म्हणतात, तुझं काय बिघडलं? खरंच, माझं काही बिघडलं नाही.

वस्तीतली मुलं पलीकडे आली नाहीत. सुरुवातीला दोघं-तिघं आली, आजोबा घेऊन यायचे. मग आजोबांचे गुडघे दुखायला लागले. आराध्या एकदाही आली नाही. वर्षभर ती आईजवळ उंबऱ्यात बसून मोती निवडत होती, असं वैशाली सांगायची. पुढे सहा पूर्ण झाल्यावर वडिलांनी तिला दुसरीकडे, हिंदी शाळेत घातलं. ती आता झोपेत कुठल्या भाषेत बोलत असेल, हा विचार मला बिनकामाचा असूनही येतो.

पण त्या वर्षीचा जुलै सांगायचा राहिलाच. खोलीतलं सामान पलीकडच्या शाळेत न्यायचा दिवस होता. पाऊस थांबून थांबून पडत होता. मी टेंपो घेऊन गेले. सतरंज्या, खेळणी, फळा असं सगळं आधी चढवलं. शेवटी खुर्च्या उरल्या, प्लॅस्टिकच्या, छोट्या, लाल आणि निळ्या. त्या आम्ही शाळेच्या भिंतीला लागून फुटपाथवर मांडल्या, म्हणजे टेंपोवाला एकेक करून वर रचेल.

मी आत कडी घालायला गेले आणि बाहेर आले तर खुर्च्यांवर मुलं बसलेली. आराध्या, तिच्या शेजारची जुळी, गुलबर्ग्याचा मल्लिकार्जुन, सगळी गावी गेलेली. कालच्या-परवाच्या गाड्यांनी आलेली. उन्हाने काळवंडलेली, डोक्याला तेल चोपडलेली, पाठीवर दप्तरं. आयांना कुणी सांगितलं नव्हतं. त्यांनी शाळा सुरू झाली असेल म्हणून पोरांना नेहमीसारखं तयार करून आणलं होतं. मुलांना बाहेर खुर्च्या दिसल्या, ती जाऊन बसली. मांडीवर हात ठेवून, मी शिकवलं होतं तशी. एक-दोनच खुर्च्या रिकाम्या होत्या.

रेखा म्हणाली, "टीचर, आज बाहर क्यों बिठाया?"

मी तिला सांगितलं. नियम सांगितला, पलीकडची शाळा सांगितली, पुलाच्या पायऱ्या कुठून चढायच्या तेही सांगितलं. ती ऐकता ऐकता हायवेच्या दिशेने बघत होती. "उस पार? इतनी छोटी को?" ती म्हणाली. आणि मग मला बरं वाटावं म्हणून, "देखते हैं, टीचर. इसके पापा से पूछती हूँ." आम्हा दोघींना कळलं की ती विचारणार नाही.

पावसाची सर जवळ येत होती. टेंपोवाला बाजूला उभा होता, पण घाई करत नव्हता. शेवटी तोच हळूच म्हणाला, "मॅडम, उठवा ना त्यांना. माल भिजेल."

मी एकेकाला उठवायला लागले. मुलं उठली, काहीतरी खेळ असेल अशा समजुतीने हसत उठली. मी खुर्ची उचलायची, वर द्यायची. शेवटी आराध्या राहिली. तिला हसू येत नव्हतं. तिने दोन्ही हातांनी खुर्चीची कड धरली होती.

"टीचर, आता कुठे बसू?"

मी तिच्या काखेत हात घातले आणि तिला उचलून रेखाशेजारी उभं केलं. मग ती खुर्ची वर दिली. तिच्या अंगाची ऊब अजून खुर्चीला होती.